एक टन उसाचा ताळेबंद

एक टन ऊस वजनकाट्यावरून आत गेला, की साखर म्हणून त्यातले १०५ ते ११५ किलोच पोत्यात पडतात. बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, २८० ते ३०० किलो निघते आणि त्यातही निम्मे पाणी असते. मळी ४० ते ४५ किलो, रस गाळून मागे राहिलेला प्रेसमड ३५ ते ४० किलो. उरते ते पाणी. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के वाटा पाण्याचाच. कारखाना नावाने साखरेचा असला, तरी त्याच्या हातून जाणाऱ्या वजनाचा मोठा भाग साखर नसतो. चक्रीय अर्थव्यवस्था म्हणजे एका प्रक्रियेत जे उरते ते दुसरीचा कच्चा माल व्हावे आणि मातीतून घेतलेले शक्य तितके मातीत परत जावे, अशी उत्पादनाची रचना. ती धंद्याला परवडते का, हे तपासायला महाराष्ट्रात साखर कारखान्याइतकी सोयीची जागा नाही. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर राज्यभर जे कारखाने उभे राहिले त्या प्रत्येकाच्या संचालक मंडळापुढे या उरलेल्या पदार्थांचा विषय कधी ना कधी आलाच आहे.

त्यावर कारखान्यात दोन मते हमखास आढळतात. एक चीफ केमिस्टचे, दुसरे चीफ अकाउंटंटचे. केमिस्ट वजन मोजतो: आत किती आले, बाहेर किती गेले, मध्ये कुठे हरवले. अकाउंटंट तेच पैशात मोजतो, आणि त्याला तारखाही मोजाव्या लागतात. पुढचा संवाद कुठल्या एका कारखान्यातला नाही. तो या दोन पदांचा आहे.

केमिस्टची सुरुवात ठरलेली असते. "कारखान्यात टाकाऊ असे काही नसते. चुकीच्या जागी पडलेला माल असतो, एवढेच."

"साहेब, माझ्या वहीत टाकाऊ माल आणि कच्चा माल यांत एकच फरक आहे," अकाउंटंट म्हणतो. "एकाला गिऱ्हाईक असते, दुसऱ्याला नसते."

बगॅसचा इतिहास अकाउंटंटच्या बाजूचा आहे. उसाचेच अवशेष जाळून उसाचा रस आटवणे ही जुनी रीत. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडेच जळतात. कारखान्यांनी तेच मोठ्या प्रमाणावर केले. मात्र उरलेल्या बगॅसला मागणी नसल्यामुळे जुने, २१ किलो दाबाचे बॉयलर काटकसरी असावेत अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. वाफ मिळावी आणि बगॅसचा ढीगही संपावा, एवढेच त्यांच्याकडून हवे असे. ढीग राहिला तर जागा अडते आणि उन्हाळ्यात आगीची भीती. वीज आणि कागद ही दोन गिऱ्हाइके दारात आली, तेव्हा तेच बॉयलर उधळे ठरले.

पहिला खरा फायदा इथे दडलेला आहे, आणि तो काही विकण्याआधीचा आहे. केमिस्ट तो कागदावर मांडतो. टनाला २९० किलो बगॅस, किलोमागे २.२ किलो वाफ, म्हणजे सुमारे ६४० किलो वाफ हाताशी. जुन्या घडणीच्या कारखान्याला एक टन उसाची साखर करायला ५०० किलो वाफ लागते. बाष्पीभवनाच्या भांड्यांची रचना बदलली, एका भांड्यातली बाष्पे पुढच्या टप्प्यावर रस तापवायला वापरली, गिरण्यांना वाफेच्या टर्बाइनऐवजी विजेच्या मोटरी लावल्या, तर हा आकडा ४०० वर आणता येतो. चांगल्या कारखान्यांनी तो त्याहून खाली नेला आहे.

"शंभर किलो वाफ वाचली म्हणजे टनामागे ४५ किलो बगॅस वाचले. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना १२० दिवस चालला, तर २७,००० टन."

"भाव?"

"दोन हजार रुपये टन धरा."

अकाउंटंट आकडेमोड करून साडेपाच कोटींच्या आसपास थांबतो. हंगामागे एवढी रक्कम, तीही ज्या मालाची किंमत उसाच्या बिलात आधीच मोजली गेली आहे त्याच्यावर. त्याची हरकत इथे फारशी टिकत नाही. यंत्रांचे कर्ज किती आणि ते किती हंगामांत फिटते, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो कुठल्याही यंत्राबाबत विचारावाच लागतो.

वाचलेल्या बगॅसचे काय करायचे, इथे मात्र दोघांची वाट वेगळी होते. केमिस्टला सहवीजनिर्मिती हवी असते: ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचे बॉयलर, त्यावर टर्बाइन, कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला. काही प्रकल्पांना युनिटमागे सहा रुपयांच्या पुढे दर मिळाले आणि खरेदीचे करार १३ वर्षांचे होते. पुढे स्पर्धात्मक बोली आली, सौरवीज स्वस्त झाली आणि बगॅसच्या विजेचे दर पाच रुपयांच्या खाली उतरले. सहा रुपयांच्या गणितावर उभारलेला प्रकल्प पाचच्या खाली चालवायचा, तर व्याज तेवढेच राहते आणि नफा तेवढा राहत नाही.

"म्हणून म्हणतो, वीज विकणे हा वेगळा धंदा आहे," अकाउंटंटचा मुद्दा. "त्याचा दर आपल्या हातात नाही. पण आपण स्वतः वापरतो ती वीज बाहेरून घ्यायची झाली, तर औद्योगिक दराने घ्यावी लागेल. ती वाचते, तो नफा मला मान्य आहे. तो कुणी काढून घेऊ शकत नाही."

या वाक्यात चक्रीय व्यवसायाच्या अर्थशास्त्राचा एक कळीचा भेद आहे. उरलेला पदार्थ आत वापरला, तर तो बाजारातून घ्यावी लागली असती अशी वस्तू वाचवतो आणि त्याचे मोल त्या वस्तूच्या खरेदीदराने ठरते. तोच बाहेर विकला, तर मोल दुसऱ्याच्या मर्जीने ठरते. बहुतेक अहवालांत हे दोन्ही फायदे एकाच रकान्यात बेरीज करून दाखवतात. तिथेच फसगत सुरू होते. तामिळनाडूत करूरजवळच्या टीएनपीएल या सरकारी कागद कारखान्याने दोघांच्या मधला मार्ग काढला. हा कारखाना १९८० च्या दशकापासून बगॅसपासून कागद करतो आणि ते मिळवण्यासाठी साखर कारखान्यांना बदल्यात दुसरे इंधन पुरवतो. साखर कारखान्याची वाफ अडत नाही, कागद कारखान्याला लाकूड कमी लागते, आणि रोजच्या भावाची झळ दोघांनाही कमी लागते. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग शहरात १९७२ पासून कारखाने एकमेकांचा वायू, वाफ आणि पाणी वापरत आले आहेत. तेही अशाच दोन-दोन पक्षांच्या करारांतून वाढले. कुणी आधी आराखडा काढून दिला नव्हता. प्लॅस्टिकबंदीनंतर बगॅसच्या ताटल्या-वाट्यांचा बाजारही वाढला आहे, पण एका कारखान्याच्या ढिगापुढे तो अजून लहान आहे.

मळीच्या बाबतीत बाजी केमिस्टची दिसते. १९९३ पर्यंत मळीचा भाव आणि वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते. नियंत्रण उठले, २००३ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणाने नुसत्या शेवटच्या मळीपासूनच नव्हे, तर साखर पूर्ण काढण्याआधीच्या, म्हणजे बी-हेवी मळीपासून आणि थेट रसापासूनही इथेनॉल करण्याची मुभा दिली. डिस्टिलरीच्या कर्जावर व्याज सवलत मिळाली. २० टक्के मिश्रणाचे २०३० साठी ठरलेले उद्दिष्ट २०२५ वर अलीकडे आणले गेले. कारखाने भराभर डिस्टिलऱ्या वाढवू लागले.

याचा सर्वांत मोठा फायदा अकाउंटंटच स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण तो तारखांचा आहे. शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ऊस आल्यापासून १४ दिवसांत द्यावा लागतो. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर मात्र चार महिन्यांत तयार होते आणि महिन्याच्या कोट्याप्रमाणे वर्षभर विकली जाते. मधल्या काळात गोदामातल्या पोत्यांवर बँकेकडून मालतारण कर्ज काढायचे आणि त्याचे व्याज भरत बसायचे. "इथेनॉलचा टँकर तेल कंपनीकडे गेला, की काही आठवड्यांत पैसे येतात. तेवढे मालतारण कमी होते. डिस्टिलरीने माझे डोके शांत केले, हे मी नाकारत नाही."

"मग अडचण कुठे आहे?"

"दरात आणि आदेशात."

दराचा हिशेब असा. शेवटच्या, म्हणजे सी-हेवी मळीतून एक टन उसामागे साधारण १० लिटर इथेनॉल मिळते. बी-हेवी मार्गाने गेले तर साडेअठरा लिटर, पण त्यासाठी सुमारे १५ किलो साखर सोडावी लागते. २०२२-२३ मध्ये सी-हेवी इथेनॉलचा दर लिटरला ४९.४१ रुपये होता आणि बी-हेवीचा ६०.७३. फरकाची आकडेमोड केली, तर सोडलेल्या साखरेला किलोमागे ४२ रुपयांच्या आसपास मोल मिळत होते. प्रक्रियेचा खर्च वजा केला तरी सौदा चांगला होता. २०२४-२५ मध्ये सी-हेवीचा दर ५७.९७ झाला, बी-हेवी मात्र ६०.७३ वरच राहिला. त्यामुळे त्याच १५ किलो साखरेचे मोल किलोमागे ३६ रुपयांवर आले. साखर त्यापेक्षा महाग विकली जात असेल, तर बी-हेवी करणे म्हणजे पदरचे घालणे. याच काळात एफआरपी क्विंटलला ३०५ वरून ३४० रुपयांवर गेली होती. यंत्र तेच, मळी तीच, माणसे तीच. दिल्लीतल्या एका दरपत्रकाने फायद्याचा मार्ग बदलला.

आदेशाची गोष्ट अधिक बोलकी आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गळीत हंगामात, केंद्र सरकारने रस आणि पाकापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पाऊस कमी झाला होता आणि देशात साखर कमी पडेल अशी भीती होती. आठवड्याने बंदी सैल झाली, पण इथेनॉलकडे वळवायच्या साखरेवर १७ लाख टनांची मर्यादा आली. तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करार आधीच झालेले होते. ही बंधने उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

"हा दोष चक्राचा नाही," केमिस्ट म्हणतो. "रस हा काही टाकाऊ पदार्थ नाही. रसाचे इथेनॉल करणे म्हणजे साखरेऐवजी दुसरे मुख्य उत्पादन काढणे. सरकारने शेवटच्या मळीला हात लावला नाही, हे लक्षात घ्या."

हा खुलासा महत्त्वाचा आहे. 'चक्रीय' हे नाव ज्या व्यवहारांना सहज दिले जाते त्यांतले काही खरे तर उत्पादनबदल असतात. खऱ्या अर्थाने शेवटी उरलेला पदार्थ अन्नाशी स्पर्धा करत नाही, म्हणून धोरणाचा फटका त्याला कमी बसतो. उलट बंधनांनंतर मका आणि इतर धान्यांपासूनच्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा मोठा झाला, आणि मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या धान्यावरही चालाव्यात म्हणून व्याज सवलतीची योजना आणली. अकाउंटंटला ती पटते: चार-पाच महिने चालणारे यंत्र वर्षभर चालेल. केमिस्ट गप्प बसतो, कारण बाहेरून मका आणणारी डिस्टिलरी उसाच्या चक्राबाहेर पडते. धंद्याचे हित आणि चक्राचे हित इथे एकाच दिशेने जात नाहीत, आणि कारखान्याला दोन्हींत निवड करावी लागते.

डिस्टिलरीबरोबर स्पेंट वॉश येतो. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर काळपट, आम्लधर्मी सांडपाणी. घरगुती सांडपाण्याच्या कितीतरी पट प्राणवायू ते खाते. ते नदीत गेले की मासे मरतात, आणि अशा बातम्या साखर पट्ट्याला नव्या नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००३ च्या सनदेत डिस्टिलऱ्यांसाठी शून्य विसर्गाचा मार्ग आखून दिला. तेव्हापासून स्पेंट वॉश आटवून बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळणे रूढ होत गेले.

"हा मात्र शुद्ध खर्च," अकाउंटंट बोट ठेवतो. "कोट्यवधींचा बॉयलर, आणि विकायला राख."

"राखेत काय आहे ते बघा." केमिस्ट उसातला एकच पदार्थ शेतापासून धरून आणतो. ऊस जमिनीतून पोटॅश भरपूर उचलतो. तो साखरेत जात नाही. रसातून मळीत साठतो. मळीतले गोड ते यीस्ट खाते, पोटॅश तसाच स्पेंट वॉशमध्ये उतरतो. स्पेंट वॉश जळतो, पोटॅश राखेत राहतो. भारतात पोटॅशची खाण चालत नाही. या खतासाठी देश आयातीवर अवलंबून आहे. २०२१ मध्ये मळीपासूनचा हा पोटॅश केंद्राच्या खत अनुदान योजनेत प्रथमच आला. म्हणजे जी राख उचलायला कारखाना पैसे देत होता तिला विक्रीचा रस्ता मिळाला, आणि तो रस्ता नेमका त्याच शेतकऱ्याकडे जातो ज्याच्या जमिनीतून हा पोटॅश आला.

अकाउंटंटची यावरची दुरुस्ती कोरडी पण योग्य आहे. राखेच्या उत्पन्नातून बॉयलरचे कर्ज फिटणार नाही. त्याच्या मते या गुंतवणुकीचा परतावा दुसऱ्याच रकान्यात शोधावा. प्रदूषणावरून डिस्टिलरी ऐन हंगामात बंद ठेवायचा आदेश आला, तर मळी साठते, टाक्या भरतात, पुरवठ्याचे करार मोडतात. परवाना चालू राहणे हेच त्या बॉयलरचे खरे उत्पन्न.

पाण्याबाबत वाद जवळपास होत नाही. एक टन उसातच सुमारे ७०० लिटर पाणी असते. रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती थंड झाल्यावर गरम, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी परत मिळते. ते बॉयलरला, गिरणीवर आणि शीतकरणाला फिरवून वापरले, तर नदीतून किंवा धरणातून उचलायचे पाणी फार कमी होते. २०१६ च्या नियमांनी टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडायला मनाई केली, तेव्हा ज्यांनी ही नळजोडणी आधीच केली होती त्यांना धावपळ करावी लागली नाही. उसाच्या शेताला लागणारे पाणी हा वेगळा आणि कितीतरी मोठा प्रश्न आहे. कारखान्याच्या कुंपणात कितीही चोख चक्र चालवले, तरी मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखातल्या उसाने भूजल किती ओढावे याचे उत्तर त्यात मिळत नाही. दोघांपैकी कुणीही ते दिल्याचा दावा करत नाही.

प्रेसमड पूर्वीपासून शेतात जातो. कंपोस्ट करून किंवा तसाच. २०१८ च्या 'सतत' योजनेनंतर त्यापासून दाबलेला जैववायू काढण्याची कल्पना पुढे आली. साधारण २५ टन प्रेसमडमागे एक टन वायू मिळतो, आणि वायू काढल्यावर उरलेला गाळ खत म्हणून शेतात जातोच. तांत्रिकदृष्ट्या यात खोट नाही. पण प्रेसमड साठवला की कुजतो आणि वायू कमी देतो, हंगाम संपल्यावर कच्चा माल थांबतो, आणि गावातले सभासद प्रेसमडवर हक्क सांगतात. अकाउंटंट इथे फाईल पुढे ढकलतो. केमिस्टही फार आग्रह धरत नाही.

शेवटचा मुद्दा फायदा कुणाचा, हा. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदराचा कायदा केला. त्यात महसूल वाटपाचे सूत्र आहे: साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उसाला. पण बगॅसची वीज आणि मळीचे इथेनॉल झाल्यावर वाढलेले मोल कुणाच्या खात्यात धरायचे, यावर शेतकरी संघटना आणि कारखाने यांचे पटत नाही. बी-हेवीकडे वळल्यावर साखरेचा उतारा कमी दिसतो, आणि एफआरपी उताऱ्याला जोडलेली असल्याने शेतकरी आणखी सावध होतो.

"त्यांना जास्त दिले तर कर्ज कशातून फेडू?" अकाउंटंट विचारतो.

"कमी दिले तर ऊस शेजारच्या कारखान्याला जाईल. मग बॉयलरात काय घालणार?"

यावर अकाउंटंट स्वतःच उत्तर काढतो, कारण हिशेब त्याच्याच वहीतला आहे. बॉयलर, टर्बाइन, डिस्टिलरी, पाण्याची नळजोडणी या सगळ्यांचे व्याज वर्षाचे असते, आणि ते ज्या उसावर वाटायचे तो हंगामाच्या दिवसांवर ठरतो. कमी उसाच्या वर्षी हंगाम तीन महिन्यांतच आटोपतो. उपपदार्थांच्या पैशातून टनाला थोडा जास्त दर देऊन ९० दिवसांचे गाळप १२० दिवसांवर नेता आले, तर तेच व्याज एक तृतीयांश जास्त उसावर विभागले जाते, आणि टनामागचा बोजा चौथ्या हिश्शाने उतरतो.